चुका पोटात घालणारा घोडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी १२ वर्षांची, वजन ४१ किलो, पुण्यात दीड वर्ष इंग्लिश रायडिंग शिकते आहे. वॉक, ट्रॉट, कँटर (साधी चाल, दुडकी, संथ दौड) जमतात, ६० सेंटिमीटरच्या उड्या नुकत्याच सुरू झाल्या आहेत. आता स्वतःचा घोडा घ्यायचा आहे आणि समोर तीन आहेत. पहिला ५ वर्षांचा थरोब्रेड (शर्यतीसाठी पैदास केलेली जात), रेसकोर्सवरून नुकताच बाहेर पडलेला, जवळजवळ फुकट. दुसरा ४ वर्षांचा मारवाडी, पांढराशुभ्र नुकरा, खच्ची न केलेला, सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेला, ‘लहान पोरही बसतं’ असं छातीवर हात ठेवून सांगितलेला. तिसरा १४ वर्षांचा खच्ची थरोब्रेड, एका रायडिंग स्कूलमधला, सकाळी पहिल्या दोन फेऱ्या जरा आखडून चालतो, आणि तिघांत महाग तोच. वडील विचारतात: यातला सर्वांत शांत कोणता, आणि म्हाताऱ्या घोड्यावर एवढे पैसे घालायचे का?

तिसरा घ्या. मात्र आज इसार देऊ नका. तो आखडून का चालतो ते आधी कळलं पाहिजे, त्याकडे शेवटी येते.

मी गेली २६ वर्षं पुण्याच्या आसपास इंग्लिश रायडिंग शिकवते. या काळात पालकांबरोबर घोडे बघायला किती वेळा गेले त्याची मोजदाद नाही, पण एक गोष्ट दर वेळी होते. घोडा तबेल्यात मान खाली घालून उभा असतो, वडील त्याच्या कपाळावरून हात फिरवतात, तो डोळे मिटतो, आणि वडील म्हणतात, ‘किती गरीब आहे हो!’ व्यवहार तिथेच अर्धा झालेला असतो. तबेल्यात उभा असलेला घोडा गरीबच दिसतो. तो दमलेला असेल, उपाशी असेल, आजारी असेल किंवा त्याला सकाळी काहीतरी टोचलेलं असेल, तर जास्तच गरीब दिसतो.

उपाशी घोड्याचा धडा मी स्वतःच्या पैशांनी शिकले. स्कूल नवीन होतं, तेव्हा एका व्यापाऱ्याकडून सहा वर्षांची घोडी घेतली. बरगड्या मोजता येत होत्या, पण इतकी शांत की मुलं पोटाखालून जात. मला वाटलं, खायला घातलं की झालं. सहा आठवडे नीट चंदी, ओट्स, हिरवा चारा मिळाला आणि घोडी भरली. सातव्या आठवड्यात तिने पहिल्यांदा दुगाण्या झाडल्या. दहाव्या आठवड्यात तिच्यावर मी सोडून कुणी बसेना. घोडी वाईट नव्हती, अंगात ताकद आल्यावर तिचा खरा स्वभाव दिसला, इतकंच. तेव्हापासून हाडं दिसणाऱ्या घोड्याच्या शांतपणाला मी शून्य गुण देते.

मग शांत कशाला म्हणायचं? घोडा हा शिकार होणारा प्राणी आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त नाकासमोर आणि शेपटीमागे थोडी जागा दिसत नाही. तो बुजणारच. न बुजणारा घोडा मी पाहिलेला नाही. बघायचं ते हे की बुजल्यावर परत किती वेळात भानावर येतो. रस्त्याकडेची प्लास्टिकची पिशवी उडाली, एक पाऊल बाजूला सरला, कान टवकारले, आणि तीन-चार सेकंदांत एक कान मागे स्वाराकडे वळवून पुन्हा चालू लागला, हा माझ्या लेखी शांत घोडा. याउलट, एकदा बुजला की पुढची वीस मिनिटं त्या कोपऱ्यातून जाताना पाठ ताठ करणारा घोडा कितीही मंद असला तरी मुलीसाठी घेऊ नका.

इंग्लिश रायडिंगमध्ये आणखी एक गोष्ट येते, आणि घोडा निवडताना बहुतेक लोक तीच विसरतात. या पद्धतीत खोगीर हलकं आणि सपाट असतं, पुढे धरायला काही नसतं. स्वाराच्या हातातून घोड्याच्या तोंडापर्यंत लगामाचा हलका ताण सतत राहतो आणि पाय दोन्ही बाजूंनी अंगाला लागलेले असतात. घोड्याशी सगळं बोलणं हात आणि पाय यांच्यातूनच चालतं. बारा वर्षांच्या मुलीचे हात आणि पाय अजून तिच्या पूर्ण ताब्यात नसतात. ट्रॉटमध्ये उठताना तोल गेला की लगामाला हिसका बसतो, कँटरमध्ये घाबरली की टाचा आवळल्या जातात, उडीनंतर मागे राहिली की ती घोड्याच्या पाठीवर आदळते. दिवसातून पन्नास वेळा ती त्याला नको ते सांगते. त्यातलं खरं कोणतं आणि चुकून निघालेलं कोणतं, हे ओळखून बाकीच्या चुका पोटात घालणारा घोडा तिला हवा आहे. वरातीत ढोल-ताशाला न भिणारा घोडा वेगळा आणि तोंडाला लागलेला हिसका माफ करणारा घोडा वेगळा. एकाच घोड्यात दोन्ही गुण असतीलच असं नाही.

या कसोटीवर तुमचे तिघे पाहू.

रेसकोर्सवरचा पाच वर्षांचा. या घोड्यांबद्दल मला माया आहे, माझ्या स्कूलमधले निम्मे घोडे तिथूनच आलेत. पुण्याचा हंगाम जुलै ते ऑक्टोबर आणि मुंबईचा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. हंगाम संपत आला की मागे पडलेले घोडे बाहेर पडतात आणि ‘फक्त खायचा खर्च’ म्हणून दिले जातात. त्यातले कित्येक स्वभावाने खरोखर गोड असतात. दोन वर्षांचे असल्यापासून रोज माणसांच्या हातात वाढलेले, नालबंदाला पाय देणारे, ट्रकमध्ये चढणारे, गर्दी पाहिलेले. अडचण त्यांच्या शिक्षणात आहे. जॉकीने लगाम आखूड केला, अंग पुढे टाकलं आणि पाय आवळले की पळायचं, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं असतं. आता तुमची मुलगी घाबरल्यावर काय करते ते आठवा. लगाम आखूड करते, पुढे वाकते, पाय आवळते. ती म्हणते ‘थांब’, त्याला ऐकू येतं ‘पळ’. दोघांपैकी कुणाचीही चूक नसते आणि मुलगी मातीत पडते.

शिवाय रेसच्या घोड्यावर जॉकीला बहुधा चालता चालता वर चढवतात, त्यामुळे स्वार चढेपर्यंत स्थिर उभं राहणं त्याला माहीत नसतं. लांब पायांचा स्पर्श त्याला अनोळखी असतो. वर्षानुवर्षं बहुतेक एकाच दिशेने धावल्याने दुसऱ्या बाजूला वळताना तो लाकडासारखा ताठ होतो. हे सगळं सुधारतं. जाणत्या हाताखाली सहा महिने ते वर्ष दिलं तर त्यातून उत्तम घोडा तयार होतो. ते काम जाणत्या हाताचं आहे. तुमची लेक अजून शिकते आहे. स्वार नवशिका असेल तर घोडा जुना हवा, आणि घोडा नवशिका असेल तर स्वार जुना. दोन्हीकडे नवखेपण असलं की कोण कुणाला शिकवणार?

फुकट मिळतोय म्हणून दात मोजू नयेत, हे गाईपुरतं ठीक आहे. फुकटच्या रेसच्या घोड्याचे दातच काय, चारही पाय मोजा. पुढच्या पायाच्या मागची शीर (कंडरा) हाताने वरपासून खालपर्यंत चाचपा. कुठे जाडी, उष्णता किंवा धनुष्यासारखा फुगवटा लागला, तर तो रेसकोर्सवरून का सुटला त्याचं उत्तर मिळालं.

आता मारवाडी. इथे माझ्यावर रागावणारे बरेच निघतील, कारण आपल्याकडे मारवाडी म्हटलं की माणूस आधी कान बघून पाघळतो. टोकाला टोक भिडलेले ते कान मलाही आवडतात. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, तिथे मी तीनदा जाऊन आले. घोडे बघायचे असतील तर महाराष्ट्रात याहून मोठी पर्वणी नाही. पण त्या बाजारात घोड्याचं मोल कशावर ठरतं ते ध्यानात घ्या. उंची इंचात सांगतात, बासष्ट, चौसष्ट. रंग बघतात: नुकरा, अबलख (ठिपक्या-पट्ट्यांचा), पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं). अंगावरचे भोवरे बघतात, कुठला शुभ, कुठला खोटा. मग रेवाल चाल बघतात, नाच बघतात. या यादीत ‘बारा वर्षांच्या मुलीचा हात तोंडाला लागला तर काय करतो’ हा रकाना नाही. बाजाराला दोष देण्यासारखं यात काही नाही, त्या घोड्यांचं काम वेगळं आणि तिथलं गिऱ्हाईक वेगळं.

रेवाल ही मऊ, वेगवान चाल आहे. स्वार जागचा हलत नाही, पेला हातात धरून बसावं असं वाटतं. पण तुमच्या मुलीला शिकायचा आहे दोन ठोक्यांचा ट्रॉट, ज्यावर ती उठते-बसते. रेवालीत वाढवलेला घोडा ट्रॉट मागितला की मध्येच चाल बदलतो, ताल तुटतो आणि उठायचं कधी हे तिला कळत नाही. इंग्लिश रायडिंगचा अर्धा पाया त्या तालावर उभा आहे.

यापेक्षा मोठी काळजी तोंडाची. नाचासाठी आणि वरातीसाठी तयार केलेल्या घोड्यांच्या तोंडात अनेकदा काटेरी लगाम असतो. तो वापरायला १९६५ च्या नियमांनुसार मनाई आहे, तरी दिसतो. असा घोडा फटाक्यांना भीत नाही, बँडला भीत नाही, मुलांच्या घोळक्यात उभा राहतो, म्हणून विकणारा म्हणतो ते खोटंही नसतं. तो घाबरतो ते माणसाच्या हाताला. हाताचा ताण जाणवला की मान वर, पाठ पोकळ, मागच्या पायांवर नाचणं. ज्या हाताच्या बळावर तुमच्या मुलीला त्याच्याशी बोलायचं आहे, त्याच हातापासून तो पळत असतो. बघायला गेलात तर त्याचं तोंड उघडून जीभ, दातांमधली रिकामी हिरडी आणि ओठांचे कोपरे पाहा. जुने व्रण, पांढरे पडलेले चट्टे किंवा गाठी दिसल्या तर तिथून पुढे बघू नका.

आणि तो खच्ची केलेला नाही. चार वर्षांचा कोवळा घोडा, शेजारी घोडी माजावर आली तर बारा वर्षांच्या मुलीने लगामाच्या दोन पट्ट्यांवर काय आवरायचं? नंतर खच्ची करू म्हणाल, तर त्या सवयी विरायला पुढे काही महिने जातात, आणि काही तशाच राहतात. मारवाडी जातीबद्दल माझं वाकडं नाही. लहानपणापासून इंग्लिश पद्धतीने, स्नॅफल या साध्या, सौम्य लगामावर घडवलेले मारवाडी आणि काठेवाडी फार छान जातात, हुशार तर असतातच. तुमच्या समोरचा तसा नाही, एवढंच.

जाता जाता भीमथडीबद्दल. बारामती-फलटणकडे धनगरांच्या वाड्यांबरोबर ओझं वाहणारं ते ठेंगणं तट्टू, ज्याची अलीकडे स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. कुत्री, कोंबड्या, पोरं, ट्रक, सगळ्यांतून वाट काढत वाढतं, खूर दगडासारखे. आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी मला ते मनापासून आवडतं. पण त्याला इंग्लिश पद्धतीने घडवणारे हात आपल्याकडे अजून थोडे आहेत आणि आपली खोगिरं त्याच्या गोल पाठीवर सरकतात. तुमच्या मुलीला ते वर्षभरात लहान पडेल, म्हणून तो विचार सोडून द्या. माथेरानच्या घोड्यांचंही काही पालक विचारतात. ते बिचारे खरंच सोशीक. पण ते पुढच्या घोड्याच्या शेपटीमागे आणि घोडेवाल्याच्या हाकेवर चालतात, स्वाराच्या पायावर नाही. मोकळ्या मैदानात एकटं सोडलं तर ते तुम्हाला थेट त्यांच्या नेहमीच्या थांब्यावर आणून उभं करतील.

हांगझोऊच्या आशियाई खेळांत २०२३ साली भारताने ड्रेसाजचं (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेचं) सांघिक सुवर्ण जिंकलं, घोडेस्वारीतलं ४१ वर्षांनंतरचं पहिलं सुवर्ण. तेव्हापासून मला ‘वॉर्मब्लड घेऊ का’ असेही फोन येतात. खेळासाठी पैदास केलेले ते युरोपीय घोडे उंच, ताकदीचे, लांब ढांगांचे. मोठ्यांचीसुद्धा पाठ हलते. तुमच्या यादीत तो नाही याचा मला आनंद आहे.

तर उरला तिसरा. चौदा वर्षं म्हणजे म्हातारा नव्हे. नीट ठेवलेला घोडा विशीपर्यंत हलकं काम आनंदाने करतो. बारा ते सोळा हे पहिल्या घोड्याचं सर्वांत चांगलं वय, असं माझं मत आहे. तोवर त्याने पडणारी मुलं, अचानक उघडणारी छत्री, सुटलेली रिकीब (पाय ठेवायची कडी), सगळं पाहिलेलं असतं. त्याला पैसे जास्त का, तर त्याच्या शिकवणीचे. तुमच्या मुलीला पुढची चार वर्षं तोच शिकवणार, शिक्षक आठवड्यातून तीन तास.

वय खरंच चौदा आहे का, तेवढं तपासा. कागद असेल तर उत्तम. नसेल तर वरच्या जबड्यातले समोरचे दात, त्यातला अगदी कोपऱ्यातला. त्यावर साधारण दहाव्या वर्षी हिरडीजवळ एक तपकिरी उभी खाच दिसू लागते, पंधराच्या सुमारास ती अर्ध्या दातापर्यंत येते, विशीत टोकाला पोचते. वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे होतं, पण चौदाचा म्हणून एकोणीसचा खपवला असेल तर ते कळतं.

आता बघायला कसं जायचं. मला शिकवलं ते लष्करातून निवृत्त झालेल्या एका दफेदारांनी. ते घोडा बघायला गेले की पहिला अर्धा तास घोड्याकडे पाठ करून मोतद्दाराशी, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्याशी, गप्पा मारत. गाव कुठलं, मुलं किती, आणि मग हळूच, याला कोण खरारा करतं? मालक घोड्याचे गुण सांगतो, मोतद्दार खोडी सांगतो, हे त्यांचं म्हणणं. तो बोलला नाही तरी घोड्याजवळ कसा जातो ते पाहा. तंग (खोगिराचा पोटपट्टा) आवळताना आपोआप एक पाऊल मागे सरकत असेल, तर हा घोडा चावतो. तंग आवळताना कान मागे टाकणं, पोट फुगवणं ही कधी नुसती सवय असते, कधी जठरातले व्रण. रेसच्या घोड्यांत ते फार आढळतात. गव्हाणीचं लाकूड कुरतडलेलं आहे का? तो कुठेतरी दात अडकवून हवा गिळतो का, किंवा उभ्या जागी सतत डावी-उजवी डुलतो का? या ठाणबंदीतून जडलेल्या खोडी असतात, सहसा जात नाहीत.

न सांगता जा, किंवा सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी. अंग घामेजलेलं, खोगिराच्या जागेवर ओले डाग दिसले तर त्याला तुमच्यासाठी आधीच दमवून ठेवलंय. पापण्या जड, खालचा ओठ लोंबलेला, पाय टाकताना किंचित झोक जातोय, नराचं लिंग बाहेर लोंबतंय, तर गुंगीच्या औषधाचा संशय घ्या आणि रक्त तपासायला लावा. मी एकदा अशी तपासणी मागितली, तर विकणाऱ्याने चहा अर्धा टाकून ‘आज दुसरं गिऱ्हाईक येणार आहे’ म्हणत आम्हाला वाटेला लावलं. त्या तपासणीचे पैसे वाचले.

घोड्यावर आधी त्यांच्याच माणसाने बसायचं. तो ‘आज कंबर दुखतेय’ म्हणाला तर गाडीत बसून घरी या. लगाम कुठला आहे ते बघा. साध्या स्नॅफलवर चालणारा घोडा शांत म्हणायचा. तोंडात कडक लगाम, डोकं खाली बांधणारा पट्टा आणि नाकावर आवळलेली चामडी असेल, तर शांतपणा घोड्यात नसून सामानात आहे. त्यानंतर मुलीच्या शिक्षकाने बसायचं आणि मुद्दाम चुका करायच्या. ट्रॉटमध्ये चुकीच्या तालावर उठायचं, एक लगाम ढिला सोडायचा, रिकीब सोडून पाय लोंबू द्यायचे, चाबूक हातातून खाली पाडायचा, कँटरमधून उतरताना पाठीवर जरा जड बसायचं. चांगला घोडा अशा वेळी वेग कमी करतो, किंवा निदान आहे तोच ठेवतो. तो वेग वाढवत असेल तर माझी मुलगी मी त्याच्यावर बसवणार नाही. मग दुसऱ्या घोड्यांपासून दूर, फाटकाबाहेर, एकटा न्या. कळपात मवाळ असलेला घोडा एकटा पडला की ओरडत उलटा फिरतो, असं कितीदा होतं.

हे सगळं झाल्यावर मुलगी बसवा, वीस मिनिटं, आधी लंज लाइनवर (घोड्याला गोलात फिरवायच्या लांब दोरीवर). आणि एक दिवस सुट्टी झाल्यावर, शक्य असेल तर वाऱ्या-पावसाच्या दिवशी, पुन्हा जा. रोज काम करणारा घोडा रोज शहाणा असतो. सोमवारच्या सुट्टीनंतरचा मंगळवार बघितल्याशिवाय मी सही करत नाही.

वजनाचं थोडक्यात. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त नको, असा ढोबळ नियम आहे. ४२० किलोच्या घोड्याला ८४ किलो. मुलगी आणि खोगीर मिळून पन्नासच्या आत, काहीच चिंता नाही. तुम्ही लिहिलंय की रविवारी तुम्हीही अधूनमधून बसाल आणि तुमचं वजन ७८ आहे. खोगिराचे आठ धरा. तुम्ही बसू नका.

उंचीला मी फार महत्त्व देत नाही. पंधरा हातांच्या (घोड्याच्या मापात एक हात म्हणजे चार इंच) आसपासचा, म्हणजे साठ-एकसष्ट इंची घोडा या वयाला पुरतो. तुमचा पहिला १६ हातांचा आहे, ती आणखी एक वजाबाकी.

आता आखडून चालणं. चौदाव्या वर्षी सांध्यांची थोडी झीज असतेच, माझ्याही गुडघ्यांत आहे. त्यात दोन प्रकार असतात. पहिल्या दहा मिनिटांत मोकळा होऊन नंतर तासभर एकसारखा चालणारा घोडा बहुधा झिजेचा असतो. सावकाश वॉर्म-अप, वेळच्या वेळी नाल आणि उड्यांना मर्यादा, यावर तो वर्षानुवर्षं चालतो. कामाबरोबर आखडणं वाढत गेलं, किंवा कठीण जमिनीवर जास्त दिसलं, तर खुरातलं किंवा शिरेचं दुखणं असू शकतं आणि मग माझं उत्तर बदलेल. ओळखायची एक युक्ती. डांबरी रस्त्यावर, दोर ढिला सोडून, त्याला दुडक्या चालीत समोरून आणवा. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना डोकं वर उचलतो, चांगला पाय टेकताना खाली टाकतो. मऊ मातीत हे लपतं, म्हणून विकणारा मातीतच दाखवतो.

घोड्यांच्या डॉक्टरांकडून तपासणी करा, आणि ते विकणाऱ्याचे नेहमीचे डॉक्टर नकोत. पाय दुमडून धरून लगेच ट्रॉट करवतात ती फ्लेक्शन चाचणी, खुरांना चिमट्याने दाबून बघणं, पुढच्या दोन्ही पायांचे आणि मागच्या ढोपरांचे एक्स-रे, हृदय विश्रांतीत आणि पळाल्यावर. विश्रांतीत नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. रक्तात सर्रा (परजीवीमुळे होणारा आजार) आणि ग्लँडर्स (जिवाणूंचा संसर्गजन्य रोग) तपासा. ग्लँडर्स माणसालाही होतो आणि बाधित घोडा मारावाच लागतो, म्हणून सारंगखेड्यासारख्या बाजारातून आलेल्या जनावराला ही तपासणी न करता आपल्या पागेत आणू नका. वेदनाशामक देऊन आखडणं झाकलेलं नाही ना, हेही त्याच रक्तात बघता येतं.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. किंमत एकदाच द्यायची असते. नालबंद दर पाच-सहा आठवड्यांनी, दात वर्षातून एकदा घासून घेणं, धनुर्वाताची लस, जंताचं औषध, आणि अंगाच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के चारा रोज, म्हणजे याला सात-आठ किलो कोरडा चारा. फुकटचा घोडाही एवढंच खातो. पावसाळ्यात पुण्याकडे ठाणं ओलं राहिलं की खुराच्या तळव्याला सडका वास येऊ लागतो, तेव्हा मोतद्दार चांगला हवा. तुमचं बजेट मर्यादित असेल तर घोड्यात वाचवा, मोतद्दारात वाचवू नका.

माझा सल्ला असा की लगेच विकत घेऊ नका. त्या स्कूलला तीन महिन्यांच्या लीजसाठी विचारा, नंतर विकत घेतल्यास लीजची रक्कम किमतीतून वजा, असं लिहून घ्या. नाल, औषधं आणि पोटशूळ उठला तर रात्रीच्या डॉक्टरांचे पैसे कुणाचे, हेही त्याच कागदावर. स्कूल नाही म्हणालं तर का नाही ते विचारा. चांगला घोडा हातातून जाऊ नये म्हणून नाही म्हणतात की तीन महिन्यांत काहीतरी उघडं पडेल म्हणून, ते चेहऱ्यावरून कळतं.

या शनिवारी सकाळी सहाला, त्याला बाहेर काढायच्या आधी, तुम्ही एकटे तिथे जा. त्याच्या पहिल्या दोन फेऱ्या मोबाइलवर बाजूने टिपा, डोकं आणि चारही पाय एका चौकटीत दिसले पाहिजेत. वीस मिनिटांनी तशाच दोन फेऱ्या पुन्हा टिपा, आणि दोन्ही व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा. मुलीला त्या दिवशी नेऊ नका. तिने एकदा त्याच्या गळ्यात हात टाकला की तुम्ही पाय बघायचे विसराल.